महाराष्ट्रात दिल्लीच्या जेएनयू-डीयू विद्यापीठांसारख्या विद्यार्थी निवडणुका का होत नाहीत? इथल्या मुलांना राजकारणात रस नाही का?

रस भरपूर आहे, मतदान नाही.

१९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या धामधुमीत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे सरकारने खुल्या निवडणुकाच गुंडाळल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने नवी पद्धत आली: वर्गात ज्याला सर्वांत जास्त मार्क, तो वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर.

आमच्या वर्गाचा टॉपर लायब्ररीतून उठायचा नाही. आपण सीआर झालोय हे त्याला नोटीस बोर्ड वाचून कळलं. या सीआर मंडळींनी मग आपल्यातूनच एक जीएस, म्हणजे कॉलेजचा जनरल सेक्रेटरी निवडायचा. मतदार मूठभर, त्यामुळे भाषणं-बिषणं करतो कोण? मतदानाच्या आधी निम्मे सीआर गायब, फोन बंद. त्या दिवशी सकाळी सगळे एकाच सुमोतून उतरले, अंगात सारखेच टी-शर्ट. लोणावळ्याला ‘सहलीला’ नेलं होतं म्हणे. आमचा टॉपरही त्यात होता, आणि खूश होता! गुंडगिरी नको म्हणून निवडणुका बंद केल्या आणि आमदार पळवण्याची तालीम कॉलेजातच सुरू झाली.

२०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, पण कागदावर. २०१९ मध्ये घ्यायचं ठरलं, ते विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकललं. मग कोविड आला आणि विषय मागे पडला.

दिल्लीचंही फार कौतुक नको. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने उमेदवाराला खर्चाची मर्यादा घातली ५,००० रुपये, छापील पोस्टरना बंदी. तरी २०२४ मध्ये डीयूत भिंती इतक्या रंगवल्या, की त्या साफ होईपर्यंत हायकोर्टाने मतमोजणीच अडवली. मतदान सप्टेंबरात, निकाल नोव्हेंबरात. जेएनयूचं वेगळं. तिथे निवडणूक विद्यार्थीच चालवतात आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना सगळ्यांसमोर उलटसुलट प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. हेवा वाटावा तो याचा.

आपल्याकडे राग निघतो तो रस्त्यावर. २०२३ मध्ये एमपीएससीच्या नव्या पॅटर्नविरुद्ध मुलं पुण्यात धरणं धरून बसली, तेव्हा शरद पवार रात्री तिथे येऊन भेटून गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एमपीएससी आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून पुन्हा आंदोलन, पुन्हा नेत्यांची रीघ. मागण्या बऱ्याचशा मान्यही झाल्या. पण मुलांनी निवडून दिलेलं कुणी नसल्यामुळे जो पुढारी आधी पोचतो, श्रेय त्याचं.

पक्षांना मात्र विद्यापीठाचं महत्त्व पक्कं ठाऊक आहे. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा असतात. २०२४ मध्ये ती निवडणूक कोर्टापर्यंत गेली आणि ठाकरेंच्या युवासेनेने दहाच्या दहा जिंकल्या. तुमची पदवी झाली असेल तर आपल्या विद्यापीठात पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवून ठेवा. आपोआप यादीत येत नाही.