बाँड्सचे 73 होमरन पुसले का नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: चेंडू बॅटवर घ्यायला नजर लागते, मग ताकद वाढवणारं स्टेरॉइड तिथे काय करणार? आणि स्टेरॉइडचा एवढा बोभाटा होऊनही अमेरिकन बेसबॉलपटू बॅरी बाँड्सचे एका सीझनमधल्या 73 होमरनसारखे विक्रम कायम कसे?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नजर आणि टायमिंग सुईतून मिळत नाही, बरोबर. बाँड्सचं नाव या भानगडीत येण्याच्या कितीतरी आधी, 1993 पर्यंत, तो तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला होता. पण ज्याला मुळातच चेंडू नीट लागतो, त्याची बॅट थोडी जोरात फिरली की कुंपणापाशी झेलला जाणारा फटका प्रेक्षकांत जाऊन पडतो, म्हणजे होमरन. त्याहून मोठा फायदा म्हणजे शरीर लवकर सावरतं. सहा महिन्यांत 162 मॅचेस खेळून ऑगस्टमध्ये बाकीचे पार पिचलेले असतात, तेव्हा हा गडी पुन्हा जिममध्ये वजनं उचलायला मोकळा. 2001 मध्ये 73 होमरन मारले त्या सीझनला बाँड्स 37 वर्षांचा झाला. त्याआधीचा त्याचा सर्वोत्तम आकडा 49 होता.

आता 'तेव्हा बंदीच नव्हती' हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते अर्धसत्य आहे. 1991 मध्येच लीगचा प्रमुख, म्हणजे कमिशनर, फे व्हिन्सेंटने पत्रक काढून स्टेरॉइडना मनाई केली होती. तपासणी मात्र नव्हती, आणि खेळाडूंची युनियन ती होऊ देत नव्हती. त्यात 1994 च्या खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम मालिकाच, रद्द झाली, लोक रुसले. त्यांना परत आणलं 1998 च्या मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्या होमरनच्या शर्यतीने. त्याच उन्हाळ्यात एका बातमीदाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोनची (शरीरात गेल्यावर ज्याचं टेस्टोस्टेरॉन होतं त्याची) बाटली दिसली. उघड्यावर ठेवलेली! ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये ते बंद होतं, बेसबॉलमध्ये चालत होतं. झालं काय? संघाचा मॅनेजर टोनी ला रुसा बातमीदारांवरच उखडला.

तपासणी आली 2003 मध्ये, तीही निनावी. पाच टक्क्यांहून जास्त नमुने पॉझिटिव्ह निघाले तरच पुढच्या वर्षापासून खरी तपासणी, असं ठरलं होतं. निघाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात खेळाडूंना असली औषधं पुरवणाऱ्या बाल्को या कंपनीवर छापा पडला. तिथल्या मालाची करामत बघा. तपासणीत टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं संप्रेरक) आणि एपिटेस्टोस्टेरॉन (शरीरातच बनणारं, पण ताकद न वाढवणारं त्याचं भावंड) यांचं एकमेकांशी प्रमाण बघतात. पहिलं फार वाढलं की संशय. म्हणून बाल्कोच्या मलमात दोन्ही मिसळलेली. टेस्टोस्टेरॉन वाढलं तरी प्रमाण कागदावर ठीकठाक! दुसरं औषध, 'द क्लिअर', प्रयोगशाळांना ठाऊकच नव्हतं. एका अ‍ॅथलेटिक्स कोचने वापरलेली सिरिंज पाठवली तेव्हा कुठे ते ओळखता आलं. बाल्को प्रकरणात बाँड्सचं नाव आलं, पण जाणूनबुजून घेतल्याचं त्याने कधी कबूल केलं नाही आणि लीगने त्याला स्टेरॉइडसाठी एकदाही निलंबित केलं नाही.

मग विक्रम कशाच्या आधारावर पुसणार? त्याला चेंडू टाकणाऱ्या पिचर्सपैकी किती जण घेत होते, तेही कुणाला सांगता येत नाही. त्याचे होमरन काढले तर त्या मॅचेसच्या निकालांचं काय करायचं?

शिक्षा झाली ती हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीच्या, मतपत्रिकेवर. 75 टक्के मतं लागतात. 2022 मध्ये, त्या मतपत्रिकेवरच्या शेवटच्या संधीला, बाँड्स 66 टक्क्यांवर अडकला. मला यातला दुटप्पीपणा खटकतो. ज्याच्या कारकिर्दीत हे सगळं बिनबोभाट चाललं तो कमिशनर बड सेलिग 2017 मध्ये आत गेला, आणि ला रुसा तर 2014 मध्येच.

सविस्तर वाचायचं असेल तर बेसबॉलमधल्या स्टेरॉइडच्या चौकशीचा 2007 चा मिचेल रिपोर्ट काढा. चारशेहून जास्त पानं आहेत. सगळे थेट खेळाडूंच्या नावांवर जातात. तुम्ही आधी कमिशनर, क्लब आणि युनियन यांच्याबद्दल काय म्हटलंय ते वाचा.