वाचकांचे प्रश्न : चांदणीसाठी वाचन

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीतील एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुक्त विद्यापीठातून बी.एड. करते. वर्तनवाद (बक्षीस-शिक्षेने वर्तन घडते, असे मानणारी मानसशास्त्रातील विचारसरणी) शिकल्यावर मी गृहपाठ आणि अवांतर वाचन या दोन्हींसाठी वहीवर चांदण्या देऊ लागले. गृहपाठ सुधारला, परंतु पूर्वी आपणहून गोष्टी वाचणारी काही मुले आता आधी चांदणीची चौकशी करतात. उणीव माझ्या पद्धतीत आहे की सिद्धांतात?

– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : उणीव सिद्धांतातच आहे, आणि ती आपण वर्गात अचूक हेरली आहे.

वर्तनवादाचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मानसशास्त्राने केवळ दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा, असा आग्रह धरला. त्यामुळे या शास्त्राला प्रयोगांची शिस्त लागली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे भीतीवर उपाय सापडला : १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. आजच्या वर्तनोपचाराचे मूळ येथे आहे, आणि एवढ्यासाठी तरी या विचारसरणीचे ऋण मानलेच पाहिजे.

मात्र मूल तीच कृती कशासाठी करते, हा प्रश्न वर्तनवादाने बाजूला ठेवला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिले, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत ती मुले इतरांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र टिकली. बक्षिसाविना शिक्षण होतच नाही, हेही खरे नाही. टोलमन आणि होन्झिक यांच्या १९३० च्या प्रयोगातील उंदीर दहा दिवस खाद्य न मिळताही चक्रव्यूहात फिरत राहिले आणि खाद्य ठेवताच त्यांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या; म्हणजे वाट ते बक्षिसाविनाच शिकले होते. आजीबरोबर रोज रामकुंडावर जाणाऱ्या मुलाला गल्ल्या अशाच पाठ होतात.

म्हणून वाचनाच्या चांदण्या थांबवाव्यात आणि त्या वेळात मुलांशी गोष्टीविषयी बोलावे. गृहपाठासाठी त्या चालू ठेवण्यास हरकत नाही, कारण तिथे मुळात आवड नव्हती. मात्र त्या हळूहळू विरळ कराव्यात, कारण अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसाच्या सवयीपेक्षा अधिक टिकते, हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीच दाखवून दिले आहे.