वाचकांचे प्रश्न : मानवी हक्क कायद्याचे अध्यापन

प्रश्न : मी कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे. पुढे आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यात संशोधन व अध्यापन करण्याची इच्छा आहे. प्रादेशिक न्यायालयांच्या अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : मूळ निकालपत्रांपासून करावी, त्यांच्यावरील भाष्ये नंतर वाचता येतील. स्ट्रासबर्गचे (फ्रान्स) युरोपीय मानवी हक्क न्यायालय १९५९ मध्ये, तर सान होसे (कोस्टा रिका) येथील आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालय १९७९ मध्ये स्थापन झाले. आफ्रिकी न्यायालय अरुशा (टांझानिया) येथे आहे. तिघांचेही निकाल संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात.

त्यांतील आंतर-अमेरिकी न्यायालयाचा १९८८ चा वेलास्केस रॉद्रिगेस विरुद्ध होंडुरास हा निकाल मात्र अगदी सावकाश वाचा. १९८१ मध्ये एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि त्याचा ठावठिकाणा कधीच लागला नाही. अशा वेळी सिद्ध काय करायचे आणि कसे? न्यायालयाने त्या काळी देशात माणसे नाहीशी करण्याची जी पद्धत रूढ झाली होती तिचा पुरावा आणि परिस्थितीजन्य पुरावा यांची सांगड घातली; शिवाय प्रत्यक्ष कृत्य करणाऱ्याची ओळख पटली नाही, तरी ते रोखण्यात व त्याचा तपास करण्यात हयगय करणारे राज्य जबाबदार ठरू शकते, हे स्पष्ट केले. पुराव्याच्या कायद्याची माणुसकी मला येथे उमगली.

फ्रेंच किंवा स्पॅनिश आतापासूनच शिका, कारण स्ट्रासबर्गचे कित्येक निकाल केवळ फ्रेंचमध्येच उपलब्ध असतात. प्रबंधाचा विषय अरुंद ठेवा. निकालांच्या अंमलबजावणीवर युरोपात सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती देखरेख ठेवते, तर सान होसेचे न्यायालय ती स्वतःच ठेवते. या एका फरकावरही चांगला प्रबंध उभा राहील.