पैसे मागायला निघालेल्या तुला

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ऐकू न येणाऱ्या मुलांना श्रवणयंत्रं मिळवून देणाऱ्या संस्थेसाठी तुला पैसे जमवायचेत, त्यासाठी मोठा कार्यक्रम ठेवू की ऑनलाइन कॅम्पेन करू असं विचारलंयस, आणि मधेच एका ओळीत लिहिलंयस की ओळखीच्यांकडे पैसे मागायला फार ऑकवर्ड वाटतं. मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे, बाकीचं नंतर बघू, कारण कार्यक्रम ठेवायची, टीशर्ट छापायची, ग्रुपवर लिंक टाकून गप्प बसायची कल्पना बरेचदा त्या मागण्यातून सुटका हवी म्हणूनच सुचते.

अगं, स्वतःसाठी मागत नाहीयेस ना तू, मग मान खाली कशाला? महर्षी कर्वे महिला विद्यापीठासाठी सत्तरी आली तरी देशोदेशी फिरून पैसे मागत होते. आणि एक साधी गोष्ट आहे, बहुतेक लोक देत नाहीत कारण त्यांना कोणी नीट विचारलेलंच नसतं. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी एका सुपरमार्केटच्या दारांशी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेसाठी घंटी वाजवून पैसे गोळा करणारी माणसं उभी करून बघितलं. ती नुसती घंटी वाजवत उभी राहिली तेव्हा जेवढे मिळाले त्यापेक्षा तोंडाने 'प्लीज द्या' म्हटल्यावर बरेच जास्त मिळाले. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की एका दाराशी असं मागणारं माणूस असलं की जवळपास एक तृतीयांश लोक चुकवून दुसऱ्या दाराने जायचे. मला या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की काही लोकांना कोंडीत सापडल्यासारखं होतं. म्हणून स्पष्ट माग आणि नाही म्हणायची वाट पण मोकळी ठेव. 'मी या मुलांसाठी दर महिन्याला थोडे पैसे जमवतेय, तुला जमेल का, जमणार नसेल तर उत्तर नाही दिलंस तरी चालेल, आपल्यात काही फरक पडणार नाही', एवढं लिहायचं, आणि हे प्रत्येकाला वेगळं, त्याचं नाव घालून, ग्रुपवर एकच मेसेज फॉरवर्ड करून नाही. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी असतो म्हणून कोणासाठीच नसतो.

ऑफिसमध्ये मात्र जपून. तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या कोणालाही विचारू नकोस, तो नाही कसं म्हणेल सांग? आणि कोणी किती दिले ते लिहिलेला कागद टेबलाटेबलावर फिरवायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही. ज्याचा महिना ओढाताणीत चाललाय त्याला चारचौघांत लाजवून आणलेला पैसा चांगल्या कामाला लावू नये असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कोणापासून करायची हे पण विचारलंस. यावर अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने दिलेला सल्ला मला अजूनही सगळ्यात कामाचा वाटतो. जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा, मग ज्यांचं सांगता येत नाही त्यांच्याकडे जाऊन आधीच्यांची यादी दाखव, आणि जे देणारच नाहीत अशी खात्री आहे त्यांनाही सोडू नकोस कारण त्यातल्या काहींबद्दल तुझा अंदाज चुकलेला असेल. (हे शेवटचं फार खरं आहे, मी ज्यांना मनातल्या मनात कंजूस ठरवलं होतं त्यातलेच काही आज वर्षानुवर्षं न चुकता देतायत.) हाच माणूस १७५१ साली फिलाडेल्फियात हॉस्पिटल उभं करायला पैसे जमवत होता, तेव्हा त्याने कायदेमंडळाकडून असं ठरवून घेतलं की लोकांनी २,००० पौंड जमवले तर सरकार आणखी २,००० देईल, आणि मग लोकांना सांगत फिरला की तुमच्या प्रत्येक देणगीचे दुप्पट होणार. २००७ साली कार्लन आणि लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ५०,००० हून जास्त पत्रं पाठवून केलेला अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की कोणीतरी तेवढीच भर घालणार आहे असं सांगितलं तर जास्त लोक देतात, पण दुप्पट किंवा तिप्पट भर सांगितली तर त्यावर आणखी काही वाढत नाही. तेव्हा तुला एखादा मोठा देणगीदार मिळालाच तर त्याच्याकडून एकदम चेक घेऊ नकोस, त्याला म्हण की आम्ही जेवढे जमवू तेवढे तुम्ही घाला. फक्त ते खरं असू दे. तो तसंही सगळे देणारच असेल तर 'तुम्ही दिलेत तरच तेही देतील' असं लिहिणं म्हणजे सरळ खोटं बोलणं.

आता मोठा कार्यक्रम की रोजच्या जगण्यातलं थोडं थोडं, यावर. तू ज्या कामासाठी मागतेयस ते नीट बघ. श्रवणयंत्र घेऊन दिलं की काम संपत नाही. त्याची बॅटरी संपते नाहीतर खराब होते, दुरुस्ती निघते, आणि मूल वाढतं तसा कानही वाढतो, मग कानात बसणारा तो मोल्ड सैल होतो, शिट्टीसारखा आवाज यायला लागतो आणि नवा मोल्ड करावा लागतो, लहान बाळांचा तर फारच लवकर लवकर. मोल्ड वेळेवर नाही मिळाला की मूल यंत्र काढून ठेवतं आणि ते घरात तसंच पडून राहतं. सगळ्यांना यंत्र वाटपाचा फोटो हवा असतो, बॅटरीसाठी पैसे द्यायला कोणी पुढे येत नाही. म्हणून तुला एका दिवसात भरपूर देणाऱ्या लोकांपेक्षा दर महिन्याला थोडे देणारे हवेत. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं ते चॅलेंज आठवत असेल, त्यातून अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला (एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) ११.५ कोटी डॉलर मिळाले आणि त्यातून संशोधनाला खरंच बळ मिळालं, मी त्याला अजिबात नावं ठेवणार नाही. पण पुढच्या वर्षी तेच परत करायला गेले तर तेवढी लाट काही आली नाही. लाटेवर संशोधन होऊ शकतं एकवेळ, मुलाच्या कानातला मोल्ड नाही.

थोडे देणारे काय करू शकतात हे बघायचं असेल तर १९३८ चं उदाहरण बघ. पोलिओविरुद्ध काम करणाऱ्या एका फाउंडेशनसाठी लोकांनी एकेक डाइम, म्हणजे डॉलरचा दहावा भाग, थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवावा असं आवाहन रेडिओवरून झालं, आणि पोस्टातून २६,८०,००० डाइम येऊन पडले. दरवर्षी लोक देत राहिले, त्याच फाउंडेशनच्या पैशावर साल्क या शास्त्रज्ञाच्या पोलिओ लसीचं काम आणि मोठी चाचणी झाली, आणि १९५५ मध्ये लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. मधली सतरा वर्षं देत राहिलेल्या त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

तेव्हा रोजच्यातच जागा शोध. ज्याच्या पगारातून आपोआप जाऊ शकतं त्याला बँकेत तशी सूचना देऊन ठेवायला सांग, वाढदिवसाला गिफ्टऐवजी इकडे द्या असं म्हणायला मैत्रिणींना सुचव, कोणाला शिकवणी घेता येते त्याने महिन्यातल्या एका दिवसाची फी द्यावी. पळायची आवड असलेली दोनचार जणं असतीलच तुझ्याकडे, त्यांना पळालेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक पैसे देणारे मित्र मिळतात. डबा ठेवणार असशील तर सीलबंद, आणि उघडताना दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची.

फोटोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका मुलाची गोष्ट सांगितली की लोक जास्त देतात आणि आकडेवारी सांगितली की कमी, हे खरं आहे. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांच्या २००७ च्या अभ्यासात एकट्या मुलीची माहिती वाचलेल्यांनी आकडे वाचलेल्यांच्या दुपटीहून जास्त दिलं, आणि गोष्टीला आकडे जोडले तर देणं परत घसरलं. म्हणून एका मुलाबद्दल लिही, पण आईवडिलांना विचारून, नाव बदलून, आणि ते मूल काय करतं, कशाला हसतं, कोणता आवाज पहिल्यांदा ओळखला असं लिही. रडका चेहरा टाकू नकोस. ते मूल मोठं होऊन तुझी पोस्ट वाचेल तेव्हा त्याला कसं वाटेल एवढं मनात धरून प्रत्येक ओळ तपास. दयेने आलेला पैसा एकदा येतो आणि तो त्या मुलाची मान खाली घालून येतो.

आणि हिशोब. संस्थेची लेखी परवानगी घे, पैसे थेट त्यांच्याच अकाउंटला जाऊ देत, तुझ्या स्वतःच्या अकाउंटला एक दिवससुद्धा नकोत, तू कितीही प्रामाणिक असलीस तरी. ऑफिसभाडं, प्रवास, ऑडिओलॉजिस्टचा पगार यावर पण खर्च होतो हे लपवू नकोस, तपासणाऱ्या माणसाशिवाय यंत्र लावणार कोण? दर तीन महिन्यांनी सगळ्यांना चार ओळी पाठव, किती आले, कशावर गेले, काय राहिलं. आणि ज्याने सगळ्यात कमी दिले त्यालाही तेच पत्र, तेवढ्याच वेळेत, तेवढ्याच आपुलकीने. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पुलित्झरने आपल्या पेपरातून पैसे मागितले तेव्हा देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापीन म्हणाला, रक्कम कितीही असो, आणि लाखाहून जास्त लोकांनी दिलं, त्यातल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी. तू नावं छापशील तर आधी विचार, काहींना नको असतं, आणि नावापुढे रक्कम लिहू नकोस.

कोणी नाही म्हणालं तर 'काही हरकत नाही' म्हणून तिथेच विषय संपव. कोणी मधेच बंद केलं तर कारण विचारू नकोस, आजवर दिलंत त्याबद्दल थँक्यू म्हण, आणि ते मनापासून म्हण, त्यातली काही माणसं हात सुटा झाला की परत येतात.

आज रात्री वीस नावं लिहून काढ, नक्की देतील अशी आधी. पहिल्या नावासाठीचा मेसेज तयार केलास की पाठवायच्या आधी मला दाखव, आणि संस्थेला विचारून ठेव की एका मुलाच्या बॅटरी आणि मोल्डचा वर्षाचा खर्च नक्की किती येतो. तो आकडा मेसेजमध्ये हवाच.

तुझी,
ताई