नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच हंगामात संघ हरत राहिला, तर दोष कोणाचा?

अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा खेळ) खेळणारा महाविद्यालयीन संघ नवा मुख्य प्रशिक्षक आल्याबरोबर हरू लागला, तर त्याला जबाबदार धरावे की वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे. मी 2008 साली मिशिगन विद्यापीठात शिकत होतो आणि त्या हंगामातील घरचे सामने मैदानात बसून पाहिले आहेत, म्हणून त्याच उदाहरणावरून उत्तर देतो.

नवे मुख्य प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातून आले, तेव्हा 1967 नंतर एकाही हंगामात मिशिगनचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नव्हते आणि संघ सलग 33 वर्षे बोल सामन्यांत, म्हणजे हंगामाअखेर निवडक संघांना मिळणाऱ्या जादा सामन्यांत, खेळत होता. त्यांच्या पहिल्याच वर्षी 3 विजय आणि 9 पराभव झाले. एका हंगामात 9 पराभव मिशिगनच्या इतिहासात त्याआधी कधीच झाले नव्हते.

आक्रमणापुरते बोलायचे, तर मी त्या वर्षाचा दोष त्यांना देत नाही. चार वर्षे क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून खेळलेला चॅड हेनी, चेंडू घेऊन पळणारा माइक हार्ट आणि आघाडीच्या फळीतला जेक लाँग हे तिघेही शिक्षण संपवून व्यावसायिक संघांत गेले होते, तर हेनीची जागा घेऊ शकला असता तो रायन मॅलेट आर्कान्सॉ विद्यापीठात निघून गेला. रॉड्रिगेझ यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहतो, बचावातील एका खेळाडूला मुद्दाम मोकळे सोडले जाते आणि तो कोणाच्या अंगावर जातो हे पाहून, चेंडू सहकाऱ्याकडे द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे क्षणात ठरवावे लागते. हे काम स्टीव्हन थ्रेट या उंच, एका जागी उभे राहून चेंडू फेकणाऱ्या मुलाकडे आले. त्याला दुसरा पर्याय होता तो शिष्यवृत्तीविना संघात आलेला निक शेरिडन.

11 ऑक्टोबरचा टोलीडोविरुद्धचा सामना मला अजून लख्ख आठवतो. आमचा संघ टोलीडोच्या गोलरेषेजवळ पोहोचला असताना थ्रेटचा पास त्यांनी पकडला आणि 100 यार्ड पळत जाऊन गुण मिळवले. शेवटच्या क्षणी 26 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला, तर 13-13 अशी बरोबरी होणार होती. आम्ही सगळे अॅल्युमिनियमच्या बाकांवर उभे होतो. किक बाजूने गेली, आणि लाखभर माणसे बसतील अशा त्या मैदानात टोलीडोच्या कोपऱ्यातला आवाज तेवढा ऐकू येत राहिला. टोलीडो ज्या मिड-अमेरिकन परिषदेत (विद्यापीठ संघांच्या गटात) खेळते, त्या परिषदेतील संघाकडून मिशिगन त्याआधी कधीही हरले नव्हते. मात्र दोनच आठवड्यांपूर्वी याच मुलांनी 0-19 अशी पिछाडी भरून काढून विस्कॉन्सिनला 27-25 असे हरवले होते, हे विसरून चालणार नाही.

माझा आक्षेप बचावाबद्दल आहे. त्या वर्षी 12 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी 347 गुण केले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ 29. त्यात पर्ड्यूविरुद्ध आम्ही 42 गुण करूनही 48 गुण देऊन हरलो. बचावाचा प्रशिक्षक एका वर्षात बदलला, मांडणी बदलली, तरी 2010 मध्ये सामन्यामागचा हाच आकडा 35 च्या पुढे गेला. दरम्यान आक्रमण मात्र खरोखरच सुधारले होते. डेनार्ड रॉबिन्सन या क्वार्टरबॅकला थांबवणे त्या वर्षी भल्याभल्यांना जमत नव्हते आणि इलिनॉयविरुद्धचा सामना आम्ही 67-65 असा जिंकला. म्हणून आपल्या संघाकडे पाहताना पराभव किती झाले यापेक्षा ते कशामुळे झाले हे तपासावे, असे मी सुचवेन: खेळाडू नवखे असल्यामुळे होणाऱ्या चुका वर्षा-दोन वर्षांत कमी होतात, पण ज्या बाजूकडे प्रशिक्षकाचे लक्षच नाही तिथली पडझड वाढत जाते.

2011 च्या जानेवारीत रॉड्रिगेझ यांना काढण्यात आले आणि त्यांच्या जागी ब्रेडी होक आले. मैदानात बहुतांश रॉड्रिगेझ यांनीच आणलेली मुले होती. त्या हंगामात संघाने 11 सामने जिंकले, 2 गमावले, आणि प्रतिस्पर्ध्यांचे सामन्यामागचे गुण 17 च्या आसपास आले.