तक्रार केली तर सर डूख धरतील का?

इंदूरच्या रामबागेतील माझ्या समुपदेशन कक्षात निकालानंतरच्या आठवड्यांत हा प्रश्न हमखास येतो. मागे तो घेऊन आलेली बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी खरे तर आईच्या आग्रहाखातर आली होती. तिची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. लेखी परीक्षेत गुण बरे असूनही अंतर्गत मूल्यमापनात, ज्याला इकडे सगळे सीसीईच म्हणतात, तिला ३० पैकी १३ गुण पडले होते आणि त्यापायी त्या विषयाची ग्रेड बीवर अडली होती. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. सीएम हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावर तक्रार टाकायची, नाहीतर मंगळवारी कलेक्टरांच्या जनसुनवाईत जाऊन उभे राहायचे, असा बाबांचा निश्चय होता. मुलीला भीती ही, की पुढच्या सेमिस्टरलाही तेच सर शिकवणार आहेत.

अर्ज तिने लिहूनच आणला होता, चार पानांचा. मी तिच्यापुढे दोन पेने ठेवली आणि म्हटले, जे कागदावर दाखवता येईल त्याखाली निळी रेघ ओढ, जे तुला वाटते त्याखाली लाल. अर्ध्या तासाने चारही पाने लाल झाली होती आणि निळ्या रेघा तीनच होत्या: असाइनमेंट मुदतीत दिली, जमा-रजिस्टरात तिची तारखेसह सही आहे, आणि पोर्टलवर असाइनमेंटच्या रकान्यात १० पैकी शून्य आहे. “काकू, एवढंच?” असे म्हणताना तिचा चेहरा पडला.

मला मात्र ते पुष्कळ वाटले. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज बहुधा लेखी उत्तरपत्रिकेपुरताच चालतो, आणि स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाने मोकळा केलेला आहे. पण सीसीईच्या गुणांसाठी या वाटा फारशा उपयोगी पडत नाहीत. तेथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार नेमलेली विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने शक्यतो १५ कार्यदिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिचा निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांत विद्यापीठाच्या, विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी असलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. मात्र लोकपालही नुसते ‘पुन्हा तपासा’ म्हणून ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभावाचा नेमका प्रसंग दाखवावा लागतो. तिच्या तीन निळ्या ओळी म्हणजे नेमके तेच होते. उरलेली साडेतीन पाने समितीच्या कामाची नव्हती, माझ्या कामाची होती.

त्यांत एक वाक्य तीनदा आले होते. सेमिनारच्या दिवशी ती मध्येच अडली, तेव्हा सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, “रटकर आई हो क्या?” आणि मागचे बाक हसले होते. सेमिनारला तिला १० पैकी ५ मिळाले. असाइनमेंटच्या शून्याबद्दल ती हिशेब मांडल्यासारखी बोलत होती. या पाचाबद्दल बोलताना तिचा आवाज फुटला. हे पाच गुण अन्यायाचे होते का, ते मला ठाऊक नाही, आणि तसे मी तिला सांगितलेही. तो हसण्याचा आवाज कोणत्याही समितीपुढे नेता आला नसता. त्याच्यासाठी आमच्या पुढच्या दोन बैठका गेल्या.

डूख धरण्याबद्दल मी हमी दिली नाही. कोणता समुपदेशक देईल? मात्र माझा अनुभव असा, की माणूस चुकीपेक्षा आरोपाने, आणि आरोपापेक्षाही आपल्याला वगळून वर गेल्याने अधिक दुखावतो. म्हणून १८१ आणि जनसुनवाई बाजूला ठेवून आधी सरांकडेच जायचे ठरले, मैत्रिणीला सोबत घेऊन. त्याची तालीम आम्ही कक्षातच केली: मी सर झाले, ती दारात उभी राहिली. पहिल्या खेपेला तिने चार वेळा सॉरी म्हटले, दुसऱ्या खेपेला थेट भांडायलाच उठली; पाचव्या खेपेला वाक्य बसले: “सर, पोर्टलवर माझ्या असाइनमेंटचे शून्य दिसते आहे, रजिस्टर एकदा पाहता येईल का?”

सरांनी रजिस्टर काढले, सही पाहिली, गुण आपण नव्हे तर ऑफिस भरते असे जरा घुश्शातच सांगितले आणि विभागप्रमुखांच्या नावे लेखी अर्ज मागितला. अर्ज सहा ओळींचा झाला. तिने त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. बारा दिवसांनी शून्याचे ७ झाले, समितीपर्यंत जावेच लागले नाही. सेमिनारचे ५ तसेच राहिले. बीची बी प्लस झाली, म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयात सहाऐवजी सात ग्रेड पॉइंट, आणि २० क्रेडिटच्या सेमिस्टरच्या सरासरीत (एसजीपीएत) ०.२ चा फरक. कोणी माफी मागितली नाही, हे बाबांना अजून खुपते.

पुढच्या सेमिस्टरला तिने पहिली असाइनमेंट दिली, तेव्हा सरांनी रजिस्टर स्वतःहून तिच्याकडे सरकवले. ते टोमण्याने की सहज, हे तिला कळले नाही. तिने सही केली, खाली तारीख घातली आणि फोटो काढून घेतला.