पोटातली शीर दाबली म्हणून रोज डोकं दुखतं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी २३ वर्षांची, म्हापशाला जॉबला जाते. दीड वर्ष झालं रोज डोकं दुखतं, सकाळी उठतानाच जड, मान आखडलेली. चष्मा तपासला, मायग्रेनच्या गोळ्या झाल्या, ब्रेनचा एमआरआय नॉर्मल. टायफॉइडनंतर वजन खूप उतरलं. आता डाव्या कुशीत दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या किडनीची शीर दाबली गेलीय असं आलं, युरिनमध्ये रक्ताचे कणही आहेत. नात्यातले म्हणतात याच शिरेने डोकं दुखतं, स्टेंट टाकून घ्या, आणि एका डॉक्टरांनी पोटाचा डोक्याशी काय संबंध म्हणून विषयच संपवला. आम्ही काय समजायचं?
– एक आई, डिचोली

उत्तर: ताई, संबंध असू शकतो. मुलीचं दुखणं खरं आहे हे आधी घरात सगळ्यांनी धरून चाला, पण स्टेंटची घाई अजिबात करू नका.

उजव्या किडनीची शीर आखूड, ती लगेच मोठ्या शिरेला मिळते. डावीला मात्र एओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी आणि तिच्यातून फुटून आतड्यांकडे जाणारी धमनी यांच्या बेचक्यातून जावं लागतं. माणूस बारीक झाला की तिथली चरबी कमी होते, बेचकं अरुंद होतं आणि शीर अडकित्त्यात सापडल्यासारखी दाबली जाते, यालाच नटक्रॅकर म्हणतात. कुशीत दुखणं आणि लघवीत रक्त ही त्याची नेहमीची लक्षणं. आता पुढे रक्त वाट शोधतं, आणि काही जणांत ते कमरेच्या लंबर शिरेतून उलटं मणक्याच्या आतल्या शिरांच्या जाळ्यात शिरतं, त्या शिरांना व्हॉल्व्ह म्हणजे झडपा नसतात म्हणून त्याला अडवणारं कोणी नाही, जाळं फुगतं, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यावर दाब येतो आणि तेच पाणी मेंदूभोवतीही असतं, म्हणून डोकं दुखू शकतं. अलीकडे रोज डोकं दुखणाऱ्या काही पेशंटांत हा उलटा प्रवाह एमआरआयवर दिसलाय, आणि लंबर शीर कॉइल म्हणजे बारीक तारेचं वेटोळं टाकून बंद केल्यावर त्यातल्या काहींना आराम पडलाय. पण असे पेशंट मोजकेच आहेत, त्यावरून सगळ्यांना तोच इलाज सांगणं मला पटत नाही.

कारण दाबलेली शीर कितीतरी ठणठणीत माणसांच्या स्कॅनमध्येही दिसते. म्हणून आधी मुलगी महिन्यातून किती दिवस पेनकिलर घेते ते लिहून काढा. साधी गोळी १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान ही मायग्रेनची गोळी किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली कॉम्बिनेशनची गोळी १० दिवस किंवा जास्त, असं ३ महिन्यांच्या वर चाललं असेल तर गोळीच डोकं दुखवत असू शकते, आणि हे कारण शिरेपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतं. डोकं झोपल्यावर वाढतं की उभं राहिल्यावर, खोकताना काय होतं, तेही लिहा.

मग ही वही आणि सगळे रिपोर्ट घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजीला दाखवा. डोळ्यांच्या पडद्याशी, नसेच्या तोंडाला सूज आहे का ते बघायला सांगा, नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. शिरेसाठी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि गरज वाटली तर सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा स्कॅन, पण ते वाचणारा रक्तवाहिन्यांचा जाणकार रेडिओलॉजिस्ट हवा. युरिनमधल्या रक्ताची तपासणी वेगळी करायचीच, ते डोकेदुखीच्या खात्यात टाकून सोडू नका. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर पुढची कुठली प्रोसिजर त्यात बसते ते भरती व्हायच्या आधी काउंटरवर विचारा.

तोवर वजन वाढवा. तरुण पेशंटांत वजन वाढल्यावर शिरेवरचा दाब आपसूक कमी झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून पेज, मासळी, अंडी, उसळ पोटभर खाऊ दे, ऑफिसला उशीर झाला म्हणून उपाशी पाठवू नका. स्टेंट सरकून हृदयापर्यंत गेल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, २३ व्या वर्षी तो निर्णय दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय नको. आणि डोकं एकदम कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, नजर अंधुक झाली, हातपाय लुळे वाटले किंवा तापाबरोबर मान ताठ झाली तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.